शेवट एकट्यानं वाचायचा नाही

घाटघरच्या आणि राजुरीच्या माझ्या माणसांनो, उन्हात बसलेले जरा सावलीला सरका. मला बोलायला उभं केलंय खरं, पण हातातलं पुस्तक अजून मिटलेलंच आहे. कुणाला वाटेल, म्हातारा दुःखानं खचला. दुःख आहेच. पण खरं सांगू? मी घाबरलोय.

दत्तोबा माझे व्याही. माझी लेक त्यांच्या घरात दिली. आमची दोघांची नात कावेरी शिकायला स्कॉटलंडला गेली. तिकडे एक उपक्रम चालतो. वर्षभर त्या देशाच्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या आणि काय वाचलं ते इंटरनेटवर एकमेकांना सांगायचं. वर्ष संपलं की पुन्हा नाव घालायचं, नवी पुस्तकं. पोरीनं आम्हाला न विचारता नाव घातलं. दोघांचं मिळून एकच. 'दोन आजोबा, जुन्नर.'

दत्तोबा पुण्याला छापखान्यात होते, त्यांचं इंग्रजी पक्कं. माझं इंग्रजी खताच्या गोणीवरचं आणि पंपाच्या मोटारीच्या खोक्यावरचं. मी म्हणालो, "व्याही, मला न्हाई झेपायचं."

तर म्हणाले, "पावणं, उसात बिबट्या हाय म्हणून दिवस मावळला की तुमी दाराला कडी घालता. मंग आत बसून करता काय? वाचा की."

खोटं काय होतं त्यात? आमच्याकडं सात वाजले की रस्ते ओस पडतात. मी कडी घालायचो, डिक्शनरी मांडीवर घ्यायचो आणि एकेक ओळ उकरत बसायचो. मग इकडून, घाटघरवरून, व्याह्यांचा फोन.

"कुठवर आलात?"

"वादळापर्यंत."

"थांबा तिथंच. मी मागं हाय, मला येऊ द्या."

मी समुद्र कधी पाहिला नाही, आणि ही पुस्तकं सगळी समुद्राची, धुक्याची, ओसाड बेटांची. व्याही म्हणाले, "आषाढात नाणेघाटाच्या तोंडाशी येऊन उभं ऱ्हावा. आपला हात आपल्याला दिसत न्हाई. तेच त्यांचं धुकं. त्यात काय लई परकं हाय?" मी गेलो. उभा राहिलो. आणि परत आल्यावर ते पान मला कळलं.

मंडळी, हा माणूस कशाला भ्यायला नाही. रानात एकटा फिरला, दरीच्या काठाला झोपला. पण पुस्तकाच्या शेवटाला भ्यायचा. म्हणायचा, "शेवटाला कोण ना कोण मरतं राव. शेजारी माणूस पायजे." म्हणून आमचा नियम ठरला. शेवटचं प्रकरण एकट्यानं वाचायचं नाही. ते घाटावरून एसटीनं यायचे, मी राजुरीवरून जायचो, आणि मध्ये ओझर. आधी विघ्नहराचं दर्शन, मग नदीकडेच्या झाडाखाली बसून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं, मराठीत सांगायचं. एकदा एका बाईंनी पोथी समजून पुस्तकावर फूल वाहिलं. व्याही म्हणाले, "बसा मावशी. ह्यात बी वादळ हाय, संकट हाय, आन् देवाचा धावा तर पानापानाला." बाई बसल्या की हो! शेवट ऐकून डोळे पुसत गेल्या.

आता हे पुस्तक. एका बेटावर एक म्हातारी आणि तिचा भाऊ. भाऊ बोट घेऊन मासे मारायला गेलाय, वादळ उठलंय, आणि ती कंदील घेऊन खडकावर उभी आहे. बोट येते की नाही, ते शेवटच्या प्रकरणात. मंगळवारी व्याह्यांचा फोन आला. "मी शेवटाला टेकलो. पुढं डोकावत न्हाई. गुरुवारी ओझरला या."

मी पिशवी भरून ठेवली. बुधवारी सकाळी जावयांचा फोन आला.

पिशवी अजून तशीच खुंटीला आहे. काल कावेरीनं विचारलं, "आप्पा, वर्ष संपत आलं. हे पुस्तक अपुरं राहिलं म्हणून कळवू का? आणि पुढच्या वर्षी तुमच्या एकट्याचं नाव घालू?" पोरीचं काय चुकलं? पण 'एकट्याचं' ऐकलं आणि माझ्या अंगाला कापरं भरलं. गोठ्यामागून बिबट्या गेला तेव्हा एवढं भरलं नव्हतं.

कशाचं भय, विचाराल. वाचलं नाही, तर ती म्हातारी कायमची वाऱ्यात उभी राहणार. आणि वाचलं, तर संपलं. मग "कुठवर आलात" हे मला कोण विचारणार? आज ना उद्या माझंही शेवटचं प्रकरण येणारच की. तेव्हा शेजारी कोण?

आज सकाळी विहीणबाईंनी हे पुस्तक माझ्या हातात दिलं. आत खुणेला हिरड्याचं पान आहे. म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी पुढचं पान उलटून बी पाह्यलं न्हाई. तुमची वाट बघत व्हते." मी म्हणालो, माझ्यानं व्हायचं नाही. त्या म्हणाल्या, "एकट्यानं नका ना वाचू. एवढी माणसं येणार हाईत."

तेवढ्यावर मी उभा आहे.

कावेरी, फोनवर ऐकतेस ना? नाव दोघांचंच राहू दे. आणि पुस्तक अपुरं आहे असं कळवू नकोस.

मंडळी, श्रद्धांजलीला आपण गप्प उभे राहतो. राहू. पण आधी मला हे प्रकरण वाचू द्या. लहानच आहे. इंग्रजी वाचीन, मराठीत सांगीन, अडखळेन, हसू नका. कुणी उठू नका, एवढंच मागणं. शेवट वाईट निघाला तर तुम्ही शेजारी असा. वाचून झालं की मी पुस्तक मिटेन. पुस्तक मिटलं की सगळ्यांनी उभं राहायचं, न बोलता.

चष्मा लावतो. खुणेचं हिरड्याचं पान काढून विहीणबाईंकडं देतो.

व्याही, मी आलोय. करू सुरू?