खानेसुमारीतली एक बाई

— होय मेहबूब, हे मोडी कागद वाचून देईन असं मीच म्हणाले होते, तू काही ते माझ्या गळ्यात मारले नाहीस. तुझी आई रशिदा माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली, तिनं तुला धाडलं, कागद इथंच ठेवून जा असं मी सांगितलं, आणि रोज एकच पान वाचायचं हा नियमही माझाच. मोडी घाईनं वाचायची लिपी नव्हे. बस. आधी चहा — गुळाचा आहे, रेशनची साखर संपली — आणि उभ्यानं नको, शेडमधलं इंजिन आहेस का, पाणी भरलं की निघालं? हं. तर काल आपण काझींच्या दप्तरातल्या निकाहाच्या नोंदींपाशी थांबलो होतो —

काय? उद्याच? तळेगावची मंडळी शुक्रवारी यायची होती ना? — अस्सं. हसिनाच्या पणजीचं माहेर दाखवा, नाहीतर सोयरीक मोडली समजा. दुष्काळात कुठून तरी वाहत आलेली बाई, तिच्या वंशातली मुलगी आम्ही कशी करावी — असं म्हणाले? तुझ्या आईच्या तोंडावर? आणि तुझी बहीण हसिना? — जेवली नाही. कालपासून.

अरे, कागद कशाला गोळा करतोस? पुण्याला? तिथला मोडीवाला काय माझ्याहून निराळं वाचणार आहे? गाडीभाडं घालवून ऐकून काय येशील, तर तुमची पणजी जैनबी उर्से गावचीच, इमाम तांबोळ्याची मुलगी —

असा काय बघतोस?

बरोबर आहे तुझं. तिच्या बापाचं हे नाव काल आलं नव्हतं. परवाही नाही. ते पान आपण अजून उघडलेलंच नाही. — तू पहिल्या दिवशी गेलास आणि मी दिवा लावून सगळं वाचून काढलं. शुक्रवार लांब आहे, तोवर होईल सावकाश, असा हिशेब केला. हसिना उपाशी बसेल हे त्या हिशेबात नव्हतं. तुझ्या आईला वर्गात बोलल्याबद्दल उभं करावं लागायचं, आणि तू हा असा.

बरं, ऐक, कारण उद्या हे तुला सांगायचं आहे. उर्शाच्या पाटलांकडून तू जी खानेसुमारी आणलीस — म्हणजे जुनी शिरगणतीच — तिच्यात इमाम तांबोळ्याचं घर आहे, दुष्काळाच्या आधीचं. पुरुष एक, बायका दोन, मुलगी एक. खानेसुमारीत बाईला आकडा मिळतो, नाव मिळत नाही. नाव निकाहात येतं — 'जैनबी, बाप इमाम तांबोळी, राहणार मौजे उर्से'. हे दोन कागद शेजारी ठेवले की वाहत आलेली बाई आपल्या बापाच्या उंबऱ्यावर उभी राहते. एकट्या कागदानं ते होत नाही. दुसरा लागतोच.

एकेचाळीसची शिरगणती झाली तेव्हा या गल्लीतली घरं मीच मोजली. माझ्या दारावरचा तो गेरूचा आकडा पाहिलास ना, माझ्याच हातचा. बाकीच्यांनी दिवाळीला धुऊन टाकले. माझ्या घराखाली मी लिहिलं — माणसं, एक. लग्नाच्या कुठल्याच नोंदीत मी नाही. तेव्हा उद्या मला शोधायला कुणी बसलंच, तर त्या आकड्याशेजारी ठेवायला त्याच्यापाशी — पण मला शोधायला कोण बसतंय! हे मी तुला का सांगते आहे? चहा गार झाला तुझा. तू आलास की दोन कपबश्या विसळाव्या लागतात, एवढंच.

ही घे नक्कल. बालबोधमध्ये, स्वच्छ, खाली माझी सही. शाई केव्हाच वाळली आहे, फुंकर कसली घालतोस? — नाही, 'बाई, पुन्हा येईन' असलं काही म्हणू नकोस. कणव म्हणून आलेल्या माणसाला या घरात चहा मिळत नाही.

तर ठरलं. मूळ कागद आणि नक्कल घेऊन तू आत्ताच्या आत्ता घरी जायचं. हसिनानं आधी जेवायचं. उद्या तळेगावकरांपुढं नक्कल रशिदानं वाचायची, तू नाहीस. तिचे उच्चार शुद्ध आहेत, मी करून घेतले आहेत. तू मान हलवलीस, म्हणजे तुला कबूल. रशिदा माझा शब्द मोडणार नाही, म्हणजे तिलाही कबूल. राहिले मी — मला कुणी विचारलेलं नाही. नीघ. आणि दार ओढताना हात जपून, आकडा पुसेल.