डब्यातली घड्याळं

(घरातलं जेवणाचं टेबल. फडक्यावर मांडलेली हातघड्याळं. बाबांच्या उजव्या डोळ्यावर ऑपरेशननंतरची पट्टी.)

मुलगी : आणि हे शाळेच्या बाईंचं. हेही परत आलं. सगळी पुढे पळतायत, बाबा. सगळी मीच दुरुस्त केलेली.

बाबा : होतं असं कधीकधी. हवा दमट आहे.

मुलगी : हवा काय याच आठवड्यात दमट झाली? तुम्ही दुकानात होतात तोवर माझ्या हातचं एकही घड्याळ कधी परत आलं नाही. तुम्ही डोळा करून घरी बसलात आणि लोकांची रीघ लागली. बाईंनी ते काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुझे बाबा कधीपासून येणार?’ मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

बाबा : लोकांचं काय एवढं मनावर घेतेस.

आई : सांगून टाका आता तिला.

बाबा : तू जा बघू आत.

आई : मी नाही जायची. इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसले ते पुष्कळ झालं. पोरगी कालपासून धड जेवली नाहीये.

मुलगी : काय सांगायचंय?

आई : तू केलेलं घड्याळ दुकानातून थेट गिऱ्हाइकाच्या हातात कधी गेलंच नाही. ते आधी घरी यायचं, यांच्या जेवणाच्या डब्यात बसून. मी डबा घासायला घ्यावा तर आत पोळीच्या जागी घड्याळं. तू तुझ्या खोलीत गेलीस की हे इथे ती उघडून बसायचे.

मुलगी : खरं आहे हे?

बाबा : सगळी नाही.

मुलगी : किती?

बाबा : ...सगळी.

मुलगी : आणि मी सगळीकडे मिरवत होते, आमच्या घरात हा हात वारशाने आलाय म्हणून. तुमच्यासमोर मिरवत होते. तुम्ही ऐकून घेत होतात.

बाबा : काय बोलणार होतो मी?

मुलगी : का केलंत असं?

बाबा : तू लहानपणापासून धांदरट. दूध आणायला पाठवलं तर निम्मं वाटेत सांडायचं. ज्यांच्याकडे मी शिकलो ते मालक म्हणायचे, घड्याळाचा हात आईच्या पोटातून आणावा लागतो, तो शिकून येत नाही. तू पहिल्यांदा चिमटा धरलास तेव्हाच वाटलं, हिच्याकडे नाही तो. पण तुला हौस केवढी! तुझं मन मोडवेना.

आई : पोटातून आणलाय म्हणे. हेच मालक यांच्या डोक्यात टपली मारून तेच घड्याळ पुन्हा पुन्हा उघडायला लावायचे. हे डोळे पुसत घरी यायचे, सासूबाईंनी सांगितलंय मला.

बाबा : ते कशाला काढतेस आता?

मुलगी : माझं नेमकं चुकायचं काय?

बाबा : जाऊ दे ना.

मुलगी : बाबा, काय चुकायचं?

बाबा : तेल. तू तेल जास्त घालतेस. ते ओघळून केसाएवढ्या स्प्रिंगवर येतं, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ पळायला लागतं.

मुलगी : आणखी?

बाबा : आणखी काही नाही.

मुलगी : एवढंच?

बाबा : बाकी काम साफ असायचं तुझं. अलीकडे तर माझ्यापेक्षाही. मी नुसती स्प्रिंग धुवायचो, तेल बेतानं घालायचो आणि झाकण लावायचो.

मुलगी : कधीपासून माहीत होतं हे?

बाबा : पहिल्यापासून.

मुलगी : एक वाक्य होतं, बाबा. तेल कमी घाल, एवढंच. जेवताना मीठ मागतो तितक्या सहज सांगता आलं असतं.

बाबा : मला वाटायचं, आज तेलाचं सांगीन, उद्या दुसरं निघेल, परवा तिसरं, आणि तू खचशील. नाही, हेही खरं नाही. तू शिकशील असं मला वाटलंच नव्हतं. म्हणून मी शिकवलंच नाही. लाज वाटते मला. तुझ्याकडे बघवत नाही.

आई : एकच डोळा उघडा आहे, त्याने तरी बघा.

मुलगी : मला तर तुमच्याहून जास्त लाज वाटतेय. मी एकदाही विचारलं नाही की माझं कधीच कसं चुकत नाही. उपजतच येतंय म्हटल्यावर विचारायचं कशाला? स्वतःचं घड्याळ परत उघडून बघायची गरजसुद्धा वाटली नाही मला. उद्यापासून दुकानात पाऊल ठेवू नये असं वाटतंय.

बाबा : तसं करू नकोस.

मुलगी : का? तुम्हीच म्हणालात ना, हात नाहीये म्हणून.

बाबा : मी चुकीचं म्हणालो.

आई : झालं? आता दोघं माना खाली घालून बसणार आहात, की बाईंचं घड्याळ करणार आहात? उद्या सकाळी त्या येतील.

बाबा : दे इकडे. मी करतो.

आई : करा. आणि डब्यात घालून पाठवा.

बाबा : ...बरं. तूच घे.

मुलगी : पुन्हा चुकलं तर?

बाबा : चुकू दे. कोपर टेबलाला टेकव. हं. स्प्रिंग आधी वाटीतल्या पेट्रोलमध्ये धुऊन घे. घाई नाही. आता बसव. बसली?

मुलगी : बसली. तेलही घातलं.

बाबा : सरक जरा. भिंग दे.

मुलगी : बरोबर आहे का?

बाबा : चांगलं आहे गं, म्हणजे...

मुलगी : बाबा.

बाबा : जास्त झालंय. पूस आणि पुन्हा घाल.