मांगराचं दार कोणी ओढलं

मंडळी,

बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, खुर्च्या आहेत. सुनंदावहिनी, तुम्ही तिथंच बसा, मला तुमचा चेहरा दिसू दे. दिसला नाही तर माझी जीभ परत सवयीनं गोड बोलायला लागेल.

बापूच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. का, तर मला बोलता येतं. अठरा वर्षं मी या पंचक्रोशीतल्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन करतोय. कसालला माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, पण मला ओळखतात ते आवाजामुळं. आत्तापर्यंत पाच जण बोलले. पाचही जण छान बोलले. आबा, तुम्ही तर फार छान बोललात. आपले मंडळाचे अध्यक्ष आबा म्हणाले, बापू म्हणजे आपलं चालतंबोलतं वीजमंडळ. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आणि मग आबा, तुम्ही एक वाक्य हळूच घातलंत. म्हणालात, एवढा हुशार माणूस, पण शेवटी त्याच्याच हातून चूक झाली, नियती.

नियती!

आज ह्या वाक्यासाठीच मी उभा आहे. बाकी काही बोलणार नाही.

ज्यांना माहीत नाही, मुंबईहून जे काल आले, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सड्यावर, वरच्या त्या कातळाच्या पठारावर, वीज नाही. खांब नाही, तार नाही, नुसता जांभा आणि वारा. तरी दर वर्षी आपले सामने सड्यावरच होतात, कारण तेवढं सपाट मैदान दुसरीकडे नाही. तिथं भोंगे वाजायचे, कॅमेरे चालायचे, लॅपटॉप चालायचा, मुंबईत बसून आपली माणसं मोबाइलवर सामना बघायची. ते सगळं कशावर? बापूवर. एक जनरेटर, दोन ट्रकच्या बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर, आणि बापू.

तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. जांभ्यात अर्थिंगची सळई जात नाही, म्हणून काजूच्या बुंध्याशी माती शोधायचा, सळई ठोकायचा, वर मिठाचं पाणी ओतायचा. मी चहा घेऊन गेलो की म्हणायचा, "आधी अर्थिंग, मगे चाय." चहा निवायचा. त्याची सळई पक्की होईपर्यंत तो कपाला हात लावत नसे.

हा माणूस निष्काळजी होता?

त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो. मला थांबवू नका. आबा, तुम्ही खाली बसा.

सकाळी बापूनं जनरेटर उघड्यावर ठेवला होता, मैदानापासून लांब. पण वारा आपल्याकडं होता. दहा वाजता मुंबईहून मोबाइलवर तक्रारी यायला लागल्या. घरघर ऐकू येते, समालोचन ऐकू येत नाही, जनरेटर बंद करा. बंद करा म्हणे! मग हे बघणार कशावर?

आबा म्हणाले, मांगरात ठेवा. सड्याच्या कडेला आंब्याच्या बागेचा तो चिऱ्याचा मांगर. आत गवत आणि पेट्या ठेवतात, तो. बापू लगेच तयार झाला नाही. म्हणाला, "आबा, आत ठेवतंय, पण दार सताड उघडा ऱ्हवाक व्हया. दार लावलास तर धुरान आतलो वारो इख होतलो, माणूस मरतलो." मी शेजारी होतो. आबा, तुम्हीही होतात. तुम्ही हो म्हणालात. मीही हो म्हणालो.

त्यानं दार उघडं ठेवलं. दाराला दगड लावला.

आणि जेवणानंतर तो दगड कोणी काढला? दार कोणी लावलं? दोन्ही खिडक्यांत गोणपाट कोणी कोंबले? बापू तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कॅमेऱ्याची वायर बदलत होता. मी समालोचनाच्या ट्रॉलीवर बसलो होतो. उंचावर. मला सगळं दिसत होतं. मंडळाचे दोघे जण गेले, दार लावून परत आले. घरघर थांबली. आणि मी माइकवर काय म्हणालो? "वा! आता कसं शांत वाटतंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता कोणी म्हणेल, बॅटऱ्या होत्या ना? होत्या. बापू वेळेला उपयोगी पडाव्यात म्हणून त्या भरून ठेवायचा. जनरेटर थांबला तर अर्धा तास लॅपटॉप आणि कॅमेरा त्यांच्यावर चालायचे. त्यांच्यावर त्यानं सकाळीच फडकं टाकलं होतं. प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "हेका हात लावू नको, बाबा. ही मुंबयकरांची." आणि आपण काय केलं? फडकं काढलं. त्याला मोबाइल जोडले. पाहुण्यांचा पंखा जोडला. कोणीतरी थंड बाटल्यांचा छोटा फ्रिज आणून जोडला. मी स्वतः माझा मोबाइल लावला होता. दुपारी चारपर्यंत दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. बापूला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

अंतिम सामना. शेवटची चार षटकं. बापूला कळलं, पेट्रोल संपत आलंय. तो धावत मांगराकडं आला आणि त्याला दार लावलेलं दिसलं. त्याचा चेहरा मी लांबूनही ओळखला. तो तसाच ट्रॉलीपाशी आला. मला म्हणाला, "दहा मिनटां दी. बंद करतंय, दार-खिडक्यो उघडतंय, वारो जावंदे, मगे पेट्रोल घालतंय."

मंडळी, त्यानं बरोबर तेच सांगितलं जे करायला हवं होतं. एक अक्षर चुकला नाही.

मी आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. नाही. मुंबईचे पाहुणे बघत होते. आणि मी, अठरा वर्षांचा त्याचा दोस्त, त्याला म्हणालो, "शेवटचे चार ओव्हर आसत, बापू. आता खंय थांबतंस?"

पेट्रोलचा डबा घेऊन तो चालू जनरेटरकडं गेला.

का गेला? हे मला सगळे विचारतात. त्याला माहीत होतं तर तो का गेला? वहिनी, कॉलेजात तुमच्या लेकीला कोणी विचारलं म्हणे, तुझ्या बापाला एवढं कळत नव्हतं? ती कणकवलीहून रडत घरी आली. पोरी, ऐक. त्याला कळत होतं. पण त्यानं जन्मात कुठल्याही कार्यक्रमाला लाइट जाऊ दिली नव्हती. आपण सगळ्यांनी त्याच्या त्या सवयीवर पोट भरलं. त्याला वाटलं असेल, श्वास रोखून मिनिटभरात काम होईल. दार उघडं ठेवून करीन.

दार त्यानं उघडं ठेवलं होतं. हे लिहून घ्या. आत जाताना दार त्यानं सताड उघडं ठेवलं होतं. मी बघितलं.

पण दार उघडलं आणि घरघर परत आली. माझ्या माइकात आली. मला चेंडू पडलेला दिसला आणि माझंच मला ऐकू येईना. आणि मी ओरडलो. मोबाइलवर बघणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकलं. मी ओरडलो, "अरे, ता दार ओढा रे!"

आणि कोणीतरी ओढलं.

तो माणूस आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव मी घेणार नाही. त्यानं माझा शब्द ऐकला, बापू आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

पुढं पेट्रोल संपून लाइट गेली. भोंगे बंद, सगळं बंद. आपण काय केलं? धावलो? नाही. शिट्ट्या मारल्या. मी ट्रॉलीवरून हाक मारली, "बापू, झोपलंस की काय रे?" सगळे हसले. आबा, तुम्ही हसलात. दार उघडायला माणूस गेला तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. त्याला गाडीत घातलं, तो वाटेतच गेला. आणि इकडं आपण उरलेला सामना संपवून बक्षिसं वाटली. नावं मीच पुकारली. माइकशिवाय.

दुसऱ्या दिवशी मंडळानं तो व्हिडिओ काढून टाकला. पोलिसांना सांगितलं, बापूनं आवाज कमी करायला स्वतःच दार लावून घेतलं. माझाही जबाब तोच. वहिनींना घरी जाऊन तेच सांगितलं. त्यांच्या हातचं पाणी पिऊन सांगितलं! आबा, मी तुमच्याबरोबर होतो. मी खाली बघत होतो.

आता जरा गप्प बसा आणि ऐका. ऐकू येतं? ती घरघर. आज इथं लाइन गेली म्हणून जनरेटर लावलाय. कुठं लावलाय? विहिरीपलीकडं, उघड्यावर, दोनशे फूट वायर ओढून. कोणी सांगितलं तसं लावायला? आबा, तुम्हीच सांगितलंत. मी ऐकलं. म्हणजे माहीत आहे तुम्हाला! आज घरघर ऐकू येते आणि एकाही माणसाची तक्रार नाही. मुंबईकरांचीही नाही.

वयनी, बापूची चूक नाय. माझी चूक. हेंची चूक. बापूची नाय.

व्हिडिओ काढला तरी त्याची एक प्रत माझ्या मोबाइलमध्ये आहे. माझा आवाज त्यात स्पष्ट आहे. उद्या सकाळी मी तो घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. मी माझा जबाब बदलणार. ज्याला माझ्याबरोबर यायचं त्यानं यावं. नसेल यायचं त्यानं घरी बसून बापूची स्तुती करावी.

बापू, तू हयात असतस तर म्हणलं असतस, जावंदे रे, इसर. इसरूचंय नाय माका. माफी पण मागणार नाय. तुका माझो शेवटचो नमस्कार.

मंडळी, रीतीप्रमाणे आता दोन मिनिटं उभं राहायचं असतं. त्या दिवशी सड्यावर काय झालं हे ज्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांनी उभं राहावं आणि बापूसाठी गप्प राहावं. ज्यांना माहीत होतं, आणि तरी जे इतके दिवस गप्प होते, त्यांनी उभं राहू नये. त्यांनी बसून राहावं, वहिनींना दिसेल असं.

मी बसतो.