स्वदेशी गुडघ्याची खंडेनवमी

नाही, नारळ फोडायला माझी ना नव्हती हो, पण माझ्याच गुडघ्यावर?... तुम्हाला सांगतो, मी कमळाकर, खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजून पार संपत आलेली, खाली उतरायचं म्हणजे आधी बायकोच्या, वसुंधराच्या खांद्यावर हात, मग देवाचं नाव! अशात पनवेलजवळ कारखाना निघाला. कसला? तर माणसाच्या पेशी वाढवायचा! गुडघ्यातून चिमूटभर काढायच्या, डबीत वाढवायच्या, परत गुडघ्यात बसवायच्या. आता म्हणे हे सगळं आपण इथंच बनवणार, जगाला पुरवणार. आणि पहिला पेशंट कोण? मी! देशासाठी हो, देशासाठी!

मॅनेजर उदयसिंह. माणूस सोन्यासारखा, पण सगळी हयात ट्रॅक्टरच्या कारखान्यात गेलेली! पेशींची खोली अशी, की आत जायचं तर नखशिखान्त झाकून घ्या, शिंकसुद्धा बाहेर ठेवून या... आणि ह्यांनी तिथं काय काढलं? खंडेनवमीची यंत्रपूजा! पेशी सांभाळणारी मिताली हात जोडून सांगत होती, सर, आत फूलसुद्धा चालणार नाही. तर हे म्हणतात कसे, "अगं, ट्रॅक्टरला हार घालायचो, एक तरी बंद पडला का? पूजेशिवाय देशाचा उद्योग उभा राहील कसा?" आता देशच मध्ये आणल्यावर ती बिचारी काय बोलणार!

मग काय, झेंडूचा हार, हळदकुंकू, अगरबत्ती... माझ्या पेशींची डबी ज्यात वाढत होती, त्या यंत्राचं दार देवाला आतलं दिसावं म्हणून सताड उघडं! आणि नारळ पहिल्या पेशंटच्या हस्ते. मला खाली बसता येईना, म्हणून उभ्यानंच फोडला. पाणी उडालं ते थेट आत. टाळ्या काय, फोटो काय! देशासाठी हो, देशासाठी!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मितालीचा फोन, आवाज रडवेला. डबीत बुरशी धरली होती. माझा अख्खा गुडघा, तुम्हाला सांगतो, कचऱ्यात! पावसाळाभर वाट बघितली होती हो मी, एकट्यानं जिना उतरून भाजी आणेन म्हणून... संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह घरी हजर. पुन्हा पेशी द्या म्हणाले. उजव्यात काढण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा डाव्यातून घेऊ. मी म्हटलं, अहो, डावा चांगला आहे माझा.

"म्हणूनच तर काका," ते म्हणाले, "देशाला चांगलाच द्यायचा ना."

वसुंधरानं माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. हो म्हटलं. करणार काय? पळून जायलासुद्धा गुडघे लागतात हो!