आकडे आतल्या बाजूनं

— नाई, हे मी नाई चढवत. तुमी डिक्कीतून काढले, अकोल्याहून इथपर्यंत वागवत आणले, सगळं खरं — पण हे टायर माह्या हातून या गाडीले नाई लागत, वकीलसाहेब. रागावू नका. नवे हायेत, मले दिसते. एक किलोमीटर चालले नाई, तेही दिसते — हे पाहा, रबराचे केसं अजून तसेच हायेत याच्यावर. दोस्ताच्या गोदामात ठेवेल होते म्हणता — असतीन, मी कुठं नाई म्हणतो? पण किती वर्षं? इकडं या. वाका जरा. हे चार आकडे दिसले, लांबट चौकटीत? पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, मांगचे दोन म्हणजे साल. वाचा तुमीच. — हां. नऊ वर्षं झाले. टायर काही लोणचं नाई साहेब, का बरणीत ठेवलं अन् मुरलं. ठेवल्या ठेवल्या रबर कडक होते. नख दाबा. दाबा न! जाते का आत? आता या इकडल्या टायरले दाबा. — समजला फरक?

अन् गाडी कोणती हाय तुमची? साधी असती तर मी म्हणलं असतं, फिरवा गावातल्या गावात, माहं काय जाते. ही कॉन्टेसा हाय, तीस वर्षाची, अन् बॉनेटखाली तुमी जपानी टर्बो इंजिन बसवलं. आवाजावरूनच समजलं मले, तुमी चौकातून वळले तेव्हाच. आजकालच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. हिले मांगचे चाकं ढकलतात. सगळी ताकद मांगं — अन् टायर रस्त्याले टेकते किती? एवढंच, माह्या तळहाताएवढं. दोन तळहात रबर, त्याच्यावर सगळं घरदार. तुमी उद्या सेमाडोहले जाऊन राहिले, बाईसाहेब संगं, पोरगी संगं. घटांगच्या वळणावर सकाळी दव असते, रस्त्यावर सागाचे पानं पडेल असतात. तिथं तुमी जरासा जास्त पाय दाबला अन् रबरानं पकडलं नाई, तर शेपूट पुढं अन् तोंड मांगं. मंग स्टेअरिंग कितीही फिरवा — काय होते? काही नाई होत.

चौडे पाह्यजे म्हणता. सगळ्यांलेच चौडे पाह्यजेत. पण तुमची रिंग केवढी, हे कोणी पाहत नाई! बारक्या रिंगवर चौडा टायर चढवला का तो मधातून फुगते, अन् फुगला का रस्त्याले मधातलीच पट्टी लागते. वरून मांगं तीन माणसं बसली का मडगार्डले घासते. म्हणून मी म्हणतो, एकच नंबर चौडा घ्या, जास्त नाई. रबर मात्र नरम. नरम रबर लवकर झिजते, दोन वर्षांत संपल, मले शिव्या देसाल — द्या. पण पकडते. अन् हे पाहा नाल्या — हे मधातल्या. पाणी इथून बाहेर निघते. गुळगुळीत शर्यतीचे टायर सांगणारे लय भेटतीन तुमाले मोबाइलवर. ते कोरड्या रस्त्याचे. तुमाले ओल्या पानावर जाणं हाय. ही जोडी मांगच्या महिन्यात आली माह्याकडे. आकडे वाचा. — नाई, माह्यावर भरोसा ठेवू नका, स्वतः वाचा. वाचले? बसा मंग त्या स्टुलावर. बाईसाहेबांले अन् पोरीले समोर संत्र्याचा रस पिऊ द्या, अर्ध्या तासात देतो.

— काय? आकडे बाहेरून काहून? असंच. हे आकडे टायरच्या एकाच अंगाले असतात. आत गेले तर गाडीखाली निजल्याशिवाय दिसत नाई. बाहेर असले म्हणजे कोणीही वाचू शकते. सवय हाय माही. — नाई, पहिले नव्हती. चार वर्षांपासून हाय. — तुमी वकील लोक बी न, एक धागा दिसला का ओढतच राहता. त्याच्यात सांगण्यासारखं काही नाई. — बरं, सांगतो. पाना फिरता फिरता सांगतो, तुमचा बी टाइम जाईल.

याच गावात, परतवाड्यातच, एक गाडी होती. तुमच्यासारखीच कॉन्टेसा, पांढरी. किशोरराव म्हणून मास्तर हाय, हायस्कूलले विज्ञान शिकवते, त्याच्या वडलांची. वडील गेले तर लोकं म्हणे भंगारात दे. त्यानं नाई देली. दोन वर्षं दर रविवारी तिच्यात खपला, मोठं इंजिन बसवलं. अन् चालवणारा असा, का मांडीवर भरेल पेला ठेवा, सांडणार नाई. डिसेंबरात त्याच्या बायकोचा, प्रणालीचा वाढदिवस. सकाळच्या धुक्यात चिखलदऱ्याले जायचं, वर कॉफी प्यायची, असं ठरलं. आदल्या दिवशी तो एका दुकानदाराकडे गेला — म्हणे मांगची जोडी झिजली, नवी द्या. दुकानदारानं अमरावतीहून मागवेल होती, पण ती काही आली नाई. किशोरराव म्हणे, राहू द्या, मी अकोल्याहून आणतो, चिखलदरा पुढच्या रविवारी करू. एवढंच म्हणे. हासतच म्हणे. पण दुकानात चार माणसं बसेल होते, अन् त्यातला एक बोलला — का रे बापा, तुह्या दुकानात दोन टायर नाईत? ते लागलं. घरचा जवाई, अन् टायर अकोल्याचे —

— जवाई म्हणलं मी? हो. म्हणलं खरं. प्रणाली त्या दुकानदाराची लहानी बहीण हाय.

दुकानाच्या फाटकावर एक चौडी जोडी टांगेल होती, शोभेची. सात वर्षं. उन्हात, वाऱ्यात. ती उतरवली, पुसली, पॉलिश मारली, काळीभोर दिसाले लागली. किशोररावाले म्हणलं, हे घ्या, एक किलोमीटर चालले नाई. अन् ते खोटं नव्हतं साहेब! हेच तर हाय — त्यातला एक शब्द खोटा नव्हता. त्यानं इचारलं, कधीचे हायेत? म्हणलं, मांगच्या साली आले. — हे मात्र खोटं होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं वाकून पाह्यलं असतं. त्यानं नाई पाह्यलं. बायकोच्या भावाच्या दुकानात कोण वाकून पाहते? मंग टायर फिरवले, आकडे आतल्या बाजूनं घेतले, अन् मी नट आवळले.

— हां. मी. खुशालराव. पाहू नका असे माह्याकडे, मले तो जॅक सरकवू द्या. तुमाले पहिलेच समजलं होतं, मले माहीत हाय.

धामणगाव गढीच्या वर, चौथ्या वळणावर झालं. वळण संपता संपता त्यानं पाय दाबला, जसा कोणीही दाबते, अन् मांगून गाडी घसरली. कठड्यावर आदळली, आडवी झाली. डावी बाजू. प्रणाली डाव्या बाजूले बसेल होती. खुबा मोडला तिचा. तीन ऑपरेशनं झाले अमरावतीले. आता काठी घेऊन चालते. चौतीस वर्षाची हाय. किशोररावाले खरचटलं बी नाई — तेच वाईट झालं असं त्याले वाटते.

अन् मी काय केलं? दवाखान्यात होतो न मी, रात्रंदिवस होतो, कोणाले इचारा. पण मधात एक दिवस गेलो जिथं ती गाडी आणून टाकेल होती. विम्याचा सर्व्हेवाला यायचा होता. म्हणलं, टायर तरी काढून घेतो, कामी येतीन. कोणाले काय संशय येणार, बहिणीचा भाऊ मी. वावरात नेले, कोयत्यानं कापायचा प्रयत्न केला — कापल्या जाईना, असं रबर झालं होतं, लाकडासारखं — मंग जाळले. लय वेळ धूर निघाला. शेजारचा उत्तमराव धुऱ्यावर, बांधावर येऊन म्हणे, काय जाळता? म्हणलं, कचरा.

कागदावर काय आलं? वेगात गाडी चालवणं. लोकं काय म्हणे? एवढं मोठं इंजिन कशाले पाह्यजे होतं मास्तरले. अन् प्रणाली — मी तिच्या घरी जेवाले जातो न साहेब, तर ती माह्यादेखत त्याले म्हणते, यानं शान मारली अन् मले लंगडी केलं. तो ताटात पाहते. एकदा मलेच म्हणे, खुशालभाऊ, माहा पाय असा कसा जड पडला हो? मले तर वाटलं होतं, मी हलकाच दाबला. — हे मले इचारलं त्यानं. मले! अन् मी काय म्हणलं? म्हणलं, होते कधी कधी. चार वर्षं झाले, त्यानं स्टेअरिंगले हात लावला नाई. शाळेत सायकलवर जाते. स्कूटर बी नाई चालवत. रस्ता ओलांडताना लहान्या पोरासारखा दोनदा थांबते.

— झालं. उतरवतो जॅक. हवा मी जराशी कमीच ठेवली, तुमी माणसं अन् सामान भरलं का दोन पॉइंट वाढवजा. चला, एक चक्कर मारू. नाई, बाईसाहेबांले बसू द्या तिथंच, आपण दोघंच. टायर बसवले अन् गाडी चालवून नाई पाह्यली, असं मी करत नाई आता. धारणी रोडले घ्या. हो, सरळ. नवा टायर पहिले थोडा घसरते, वरचं कारखान्यातलं तेल जाऊ द्या, घाई नका करू... आता ठीक. पुढं नाल्याजवळ वळण हाय, टँकरवाले पाणी सांडत नेतात तिथून, ओलंच असते. हळू घ्या आत. आता — वळण सुटून राहिलं — दाबा. दाबा, भेऊ नका! — हां! पाह्यलं? हाललं का शेपूट? जागचं नाई हाललं. जमिनीले धरून राह्यली गाडी. परत घ्या. वळवा तिथून, परत एकदा घ्या त्याच वळणानं. आता जरा जास्त दाबा. — अजून. — बस.

बस. थांबवा बाजूले. एक मिनिट.

— नाई, गाडी बरोबर हाय. टायर बरोबर हायेत. मलेच काहीतरी — पाणी हाय का? द्या. — साहेब, एवढंच दाबलं होतं त्यानं. याच्याहून जास्त नाई. तो जसा सांगते न, मले हजारदा सांगितलं त्यानं, कोणता गिअर होता, पाय किती होता, हातानं करून दाखवते — हेच होतं. हेच. अन् ही गाडी तर हालली बी नाई. मी चार वर्षं सोताले सांगून राहिलो, का धुकं होतं, का दव होतं, का थोडी त्याची बी चूक असल. नव्या रबरावर बी कदाचित घसरली असती, कोणी सांगावं. आता सांगितलं न या टायरनं. त्याची काही चूक नव्हती. जराशीही नव्हती.

तुमी तर वकील, तुमीच सांगा, मले काय होईल? — नाई, नका सांगू. त्याच्यासाठी नाई इचारलं मी. चला. डावीकडं घ्या, या शिक्षक कॉलनीत. काही नाई, पाचच मिनिटाचं काम हाय. आवाज कमी ठेवा — नाई, राहू द्या, काहून कमी ठेवता. तिसरं घर. निळं फाटक. इथंच थांबवा.

आला पाहा. इंजिनाचा आवाज ऐकून बाहेर आला. गाडीकडेच पाहून राह्यला, मी त्याले दिसलो बी नाई अजून. कसा पाहते पाहा, जसं कोणी माहेरचं आलं. — अन् ती बी आली मांगून, काठी टेकत. शाळेले सुट्टी हाय आज, दोघं बी घरी. मले वाटलं होतं, तो एकटा भेटल. एकट्याले सांगणं सोपं होतं.

तुमी नका उतरू साहेब. नाई, ओळख नका करून देऊ, गाडी बी नका दाखवू त्याले, आज नाई. तुमी इथं राह्यले तर मी गाडीवरच बोलत बसीन अन् चहा पिऊन परत येईन — मले माहीत हाय माहं. जा तुमी. टायरच्या पैशाचं उद्या पाहू. शटर उघडं हाय तर राहू द्या उघडं. मी पायी येईन. — जा म्हणलं न. जा.