धारगळच्या दुकानातले शाबा मेस्तांचे चक्र

अध्यक्ष महाराज, मेस्तांच्या घरची मंडळी, आणि वाचनालयाच्या समितीतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या शोकसभेला येताना वाटले होते, मला बोलताच येणार नाही, रडूच येईल. पण आधीच्या वक्त्यांनी एकामागून एक ‘मेस्त म्हणजे गावाची शान’ म्हटले आणि माझे रडू पळाले. राग आला. तो गिळून बोलणे मला जमणार नाही, माफ करा.

शाबा मेस्त सुतार. बैलगाड्या करणाऱ्या घरातले. गेली काही वर्षे गोवाभरातून त्यांना जुन्या अवजारांचे फोटो यायचे. हे काय आहे, सांगा! मेस्त बघून सांगायचे आणि शेजारची शिक्षिका म्हणून मी मोबाईलवर लिहायचे. फोटो आला की पहिले वाक्य ठरलेले. “बाई, तेका सांगा, बाजूक सुपारी ठेव आनी परत फोटो काढ. नायतर ल्हान-मोठां कसां कळतला?” पणजीचे साहेब लोकसुद्धा सुपारी शोधत फिरायचे.

एकदा ते चुकले. शिरगावच्या एका बाईंच्या माळ्यावरचे लाकूड त्यांनी उसाच्या घाण्याचे म्हणून सांगितले. नंतर लक्षात आले, ते पाण्याच्या रहाटाचे. मी म्हटले, मेसेज करते. “चूक माजी, बाई. मीच सांगतलंय.” आणि बस पकडून शिरगावला गेले.

आणि आपण?

मागच्या महिन्यात धारगळच्या हायवेवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून फोटो आला. लाकडी मूठ, पुढे लोखंडी चकती. खाली प्रश्न, नेवऱ्या-करंज्या कापायचे मोठे कातण का? मी हसले. मेस्त हसले नाहीत. चकतीच्या कडेला एक खाच होती. त्यांच्या वडिलांनी कानशीने पाडलेली. ही चकती गाडीच्या चाकावरून फिरवायची, खाचेवरून फेरे मोजून घेर काढायचा आणि तेवढी धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, तोडायची. तेच चक्र मेस्तांनी आपल्या वाचनालयाला दिले होते. या भिंतीवर लावायला. टाळ्या आपणच वाजवल्या होत्या ना?

मग रंगकाम निघाले. भिंत मोकळी केली. भंगारवाला गोणी घेऊन गेला, तेव्हा ती कोणी उघडून पाहिली? समितीत मीही आहे. मी पाहिली? नाही पाहिली!

मी म्हटले, “मेस्त, हे तुमचे आहे म्हणून लिहिते.”

“नाका, बाई. तेणां नाव विचारल्यान, नाव लिवा.”

मी लिहिले. नाव, उपयोग, खाच कशासाठी. कोणाचे, ते लिहू दिले नाही. त्यानंतर मेस्तांनी एकही फोटो पाहिला नाही. आलेले फोटो तसेच पडून राहिले, आणि गेल्या आठवड्यात मेस्त गेले. तेवढ्या दिवसांत आपल्यातला एक तरी त्यांच्या दारात जाऊन ‘चुकलो’ म्हणाला? मी रोज त्यांच्याकडे चहा घ्यायचे. मीसुद्धा म्हणाले नाही. याची मला लाज वाटते.

चक्र अजून दुकानात आहे. काल मी बघून आले. दुकानदार द्यायला तयार आहे. त्याचे एवढेच म्हणणे, समितीने येऊन सांगावे की हे आमच्या चुकीने गेले.

आता अध्यक्ष आपल्याला श्रद्धांजलीसाठी उभे राहायला सांगतील. त्याआधी माझे ऐका. उद्या सकाळी नऊच्या बसने मी धारगळला जाणार आहे. समितीतले जे माझ्याबरोबर येणार असतील, त्यांनीच आता उभे राहावे. बाकीच्यांनी खुर्ची सोडू नये. मेस्तांना तसले उभे राहणे नको.

मी उभीच आहे.