प्रबळमाची उतरताना

मला थापाड्या म्हणता ना, खुशाल म्हणा. पण एकदा त्याच थापांवर माणूस जागा ठेवायची वेळ आली होती.

माचीवर मोबाइलला रेंज नव्हती तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा मित्र नंदू कलावंतीणचा सुळका चढून आलो आणि प्रबळमाचीवर तंबूत राहिलो. सकाळी तंबू गुंडाळताना खाली मण्यार निघाली, नंदूच्या हाताला चावली. माचीवरच्या माणसांनी चादरीची डोली केली आणि आम्ही पनवेलच्या दवाखान्यासाठी उतरायला लागलो. नंदूच्या पापण्या मिटत होत्या.

"झोपू देव नका, दादा," डोलीचा पुढचा गडी म्हणाला. "बोलत रावा."

मी कर्नाळ्यात मला बिबट्या आडवा आल्याचा किस्सा काढला. नंदूला तो पाठ होता, म्हणून मुद्दाम दोन बिबटे केले.

"एकच होता, हरामखोर," तो पुटपुटला.

माझ्या जिवात जीव आला. पुढच्या वळणावर तीन केले, त्यानं नुसती मान हलवली. पाच केले, तेव्हा एक बोट हललं. मग मी दहा केले, पनवेलच्या मच्छीबाजारात आणून सोडले.

डोली थांबली.

"गप रावा आता, दादा," गडी म्हणाला. "त्यो गेला."

मी नंदूला गदागदा हलवत ओरडलो, "नंद्या, ऊठ! एकही नव्हता रे!"